आनंद पटवर्धन : कॅमेरा, कोर्ट आणि रमाबाई नगर

आनंद पटवर्धन (जन्म १८ फेब्रुवारी १९५०, मुंबई) हे भारतातील ज्येष्ठ माहितीपट दिग्दर्शक. गेल्या पन्नास वर्षांत त्यांनी आणीबाणी, झोपडपट्ट्यांची तोडफोड, अयोध्या, अणुबॉम्ब, नर्मदा खोरे, गिरणी कामगार आणि महाराष्ट्रातील जातीय अत्याचार यांवर माहितीपट आणि लघुपट केले. त्यातील बरेचसे दूरदर्शनने नाकारले किंवा सेन्सॉर बोर्डाने अडवले. मग ते कोर्टाच्या आदेशाने लोकांपर्यंत पोहोचले. आंबेडकरी चळवळीतल्या बहुतेकांना त्यांचे नाव ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या चित्रपटामुळे माहीत आहे. ११ जुलै जवळ आला की रमाबाई नगरच्या शहिदांची आठवण निघते आणि या चित्रपटाचे तुकडे मोबाईलवर फिरू लागतात. पण चित्रपट पूर्ण पाहिलेले तरुण कमी भेटतात आणि तो बनवणाऱ्या माणसाची वाटचाल माहीत असलेले त्याहून कमी. म्हणून हा परिचय.

घराणे आणि सुरुवात

पटवर्धन यांचा जन्म स्वातंत्र्यलढ्याशी जोडलेल्या घरात झाला. ४२ च्या भूमिगत लढ्यातील समाजवादी नेते अच्युत पटवर्धन आणि रावसाहेब पटवर्धन हे त्यांचे काका. आई निर्मला या सिंधमधून आलेल्या. त्या शांतिनिकेतनात शिकल्या, पुढे नामांकित कुंभारकाम कलावंत झाल्या आणि त्या कलेवर त्यांनी पुस्तकही लिहिले. आई-वडिलांच्या म्हातारपणी घरातल्या घरात केलेल्या चित्रीकरणातून ‘वसुधैव कुटुंबकम्’ हा त्यांचा अलीकडचा चित्रपट झाला. तो २०२३ साली टोरांटो चित्रपट महोत्सवात दाखवला गेला.

सवर्ण, सुशिक्षित, इंग्रजी बोलणारे घर, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. पटवर्धनही ती लपवत नाहीत. तिच्यावर पुढे बोलायचे आहे.

मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी घेतल्यावर ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला गेले. तेव्हा व्हिएतनाम युद्धाविरुद्धचे आंदोलन जोरात होते. तिथे त्यांनी सेझार चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेबरोबर काही काळ काम केले. परत आल्यावर मध्य प्रदेशात ‘किशोर भारती’ या ग्रामीण शिक्षण प्रकल्पात दोन वर्षे काढली. पुढे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून संज्ञापनशास्त्रात एम. ए. केले.

कॅमेरा खऱ्या अर्थाने हातात आला तो बिहारमध्ये, जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनात. ‘क्रांती की तरंगें’ (१९७४-७५) हा चित्रपट त्यांनी मित्रांच्या मदतीने, उसन्या साधनांवर केला. काही भाग स्वस्तातल्या सुपर-८ फिल्मवर चित्रित केला, तो पडद्यावर टाकला आणि पडद्यावरून पुन्हा १६ एम. एम. वर उतरवला. थोड्याच दिवसांत आणीबाणी लागली. मग प्रिंटचे तुकडे करून ते वेगवेगळ्या हातांनी देशाबाहेर पाठवले गेले आणि परदेशात जोडून दाखवले गेले. आणीबाणी उठल्यावर त्यांनी राजकीय कैद्यांवर ‘जमीर के बंदी’ (१९७८) केला. तिथपासून त्यांची पद्धत फारशी बदललेली नाही. कॅमेरा बहुधा स्वतःच चालवायचा, संकलन स्वतः करायचे, निर्मितीची सूत्रे आपल्या हातात ठेवायची आणि चित्रपट तयार झाला की तो घेऊन लोकांमध्ये जायचे.

‘हमारा शहर’ आणि विलास घोगरे

१९८१ साली मुंबईत ऐन पावसाळ्यात फुटपाथवरच्या लोकांना हुसकावण्याची मोहीम निघाली. त्यावर पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी केलेल्या याचिकेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि तरीही पालिकेला झोपड्या हटवण्याचा अधिकार ठेवला. ‘बॉम्बे : अवर सिटी’ अर्थात ‘हमारा शहर’ (१९८५) हा त्याच काळातला. एका बाजूला बुलडोझर आणि पावसात उघड्यावर पडलेले संसार, दुसऱ्या बाजूला शहर स्वच्छ हवे म्हणणारे प्रतिष्ठित नागरिक.

या चित्रपटात एक झोपडीवासी बाई संतापून विचारते की आमचे फोटो काढून तुम्ही काय करणार, नाव तुमचे होईल, आमचे काय? कुठल्याही दिग्दर्शकाने हा तुकडा सहज कापला असता. पटवर्धन यांनी तो ठेवला. माहितीपट करू इच्छिणाऱ्या आपल्या मुलामुलींनी बाकी काही पाहिले नाही तरी हा प्रसंग पाहावा.

या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट वेगळी आहे. त्यात एक बौद्ध शाहीर गातो. तो विलास घोगरे. तेव्हा तो ‘आव्हान नाट्य मंच’ या डाव्या सांस्कृतिक पथकात होता आणि झोपडपट्टीत राहत होता. पटवर्धन आणि घोगरे यांची ओळख इथली. तिचा शेवट बारा वर्षांनी रमाबाई नगरच्या गोळीबाराने झाला.

दूरदर्शनशी भांडण

आजच्या पिढीला कल्पना येणार नाही, पण ऐंशीच्या दशकात देशात टी. व्ही. म्हणजे दूरदर्शन. खेड्यापाड्यात पोहोचायचे तर दुसरा मार्ग नव्हता. पटवर्धन यांचा मुद्दा साधा होता. दूरदर्शन जनतेच्या पैशावर चालते आणि माझ्या चित्रपटाला सरकारनेच राष्ट्रीय पुरस्कार दिला आहे, मग तो जनतेला का दाखवत नाही? यावर पत्रव्यवहार, नकार आणि मग न्यायालय, हा क्रम अनेक चित्रपटांच्या बाबतीत झाला.

‘राम के नाम’ (१९९२) हे त्याचे सर्वात गाजलेले उदाहरण. १९९० च्या रथयात्रेपासून अयोध्येतल्या पहिल्या कारसेवेपर्यंतचा काळ यात आहे, म्हणजे मशीद पडण्यापूर्वीचा. मंडल आयोगाच्या शिफारशी लागू होण्याची घोषणा याच वर्षी ऑगस्टमध्ये झाली होती आणि रथ सप्टेंबरमध्ये निघाला, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. चित्रपटात न्यायालयाने नेमलेले पुजारी लालदास शांतपणे सांगतात की हा खेळ सत्तेचा आणि पैशाचा आहे. पुढे १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा खून झाला. अयोध्येच्या आसपासचे दलित आणि शेतकरी काय म्हणतात, हेही या चित्रपटात ऐकू येते. त्या काळच्या वर्तमानपत्रांत हे आवाज शोधून सापडणे कठीण. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट शोधपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी दूरदर्शनने तो दाखवला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच, काही वर्षांनी, तो प्रसारित झाला.

‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ (१९९५) या चित्रपटाची कथा याहून लांब चालली. १९८७ ची देवराळा येथील सती, मुंबईची ९२-९३ ची दंगल आणि ‘मर्दानगी’ची शिकवण यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हा त्याचा विषय. दूरदर्शनने नाकारला, उच्च न्यायालयाने दाखवा म्हटले, दूरदर्शन सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ ऑगस्ट २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पटवर्धन यांच्या बाजूने निकाल दिला. सुटी दृश्ये उचलून चित्रपट वाईट ठरवता येत नाही, तो संपूर्ण आणि सर्वसाधारण, समंजस प्रेक्षकाच्या नजरेने पाहावा लागतो, असे न्यायालयाने सांगितले आणि नकाराला अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या, म्हणजे अनुच्छेद १९(१)(अ) च्या कसोटीवर चूक ठरवले. बाबासाहेबांच्या संविधानातील हे कलम एका माहितीपटासाठी दहा-अकरा वर्षे वापरावे लागले. कार्यकर्त्यांनी हा निकाल वाचून ठेवावा. पथनाट्य, जलसा, पोस्टर प्रदर्शन यांना परवानगी नाकारली जाते तेव्हा त्यातला युक्तिवाद उपयोगी पडतो.

‘जंग और अमन’ (२००२) सेन्सॉर बोर्डात अडकला. ११ मे १९९८ रोजी बुद्ध पौर्णिमा होती आणि त्याच दिवशी पोखरणला अणुस्फोट करण्यात आले. अहिंसेच्या उपदेशकाच्या दिवशी बॉम्ब फोडून रस्त्यावर पेढे वाटले गेले. बौद्ध म्हणून आपल्याला त्या दिवशी काय वाटले होते, हे ज्येष्ठांना विचारून पाहा. चित्रपट भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका असा फिरतो, युरेनियमच्या खाणींजवळच्या आदिवासींपर्यंत जातो आणि हिरोशिमाच्या वाचलेल्यांना भेटतो. बोर्डाने आधी काही आणि मग आणखी कितीतरी कापाकापी सुचवली. पटवर्धन यांनी एकही मान्य केली नाही. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने चित्रपट एकही काट न देता प्रदर्शित झाला.

पुढच्याच वर्षी मुंबई आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवाने भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली. तेव्हा देशभरच्या माहितीपटकारांनी एकत्र येऊन प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ नावाचा समांतर महोत्सव भरवला. पटवर्धन त्यात पुढे होते.

पाच मिनिटांचा लघुपट

लांबलचक चित्रपटांच्या गर्दीत त्यांच्या छोट्या फिल्म हरवतात. ‘ऑक्युपेशन : मिल वर्कर’ (१९९६) हा बंद गिरणीचे दरवाजे कामगारांनी उघडल्याची गोष्ट बावीस मिनिटांत सांगतो. त्याच वर्षीचा ‘वी आर नॉट युवर मंकीज’ तर अवघा पाच मिनिटांचा. रामायणाकडे दलित-आदिवासींच्या बाजूने पाहणारे हे गाणे. शब्द दया पवार, संभाजी भगत आणि पटवर्धन यांचे, आवाज संभाजी भगत यांचा. ‘बलुतं’कार दया पवार यांचे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निधन झाले. आज रील आणि शॉर्ट्स करणाऱ्या आपल्या मुलांनी पाच मिनिटांत किती मावते, हे इथे पाहावे.

जय भीम कॉम्रेड

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक जमले, महामार्गावर आले. राज्य राखीव पोलिस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले, अनेक जखमी झाले. मेलेल्यांत काही जण तर निषेधातही नव्हते. काही दिवसांतच विलास घोगरे याने आपल्या झोपडीत गळफास घेतला. मरताना त्याने डोक्याला निळी पट्टी बांधली होती आणि आंबेडकरी एकजुटीचा जयजयकार लिहून ठेवला होता.

ज्या डाव्या पथकासाठी तो गात होता, त्याने पूर्वीच त्याला काढून टाकले होते. कारण काय, तर पोटासाठी पैसे घेऊन इतर कार्यक्रमांत गायला. लाल झेंड्याखाली आयुष्य घालवलेला माणूस शेवटच्या क्षणी निळा रंग का बांधतो, हा चित्रपटाचा पहिला प्रश्न. चित्रपटाच्या नावात ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ शेजारी उभे आहेत ते त्यामुळे. पटवर्धन यांनी मित्राच्या मरणानंतर कॅमेरा सुरू केला आणि तो बंद व्हायला चौदा वर्षे लागली.

चौदा वर्षे कशासाठी? एक कारण चित्रपटातच दिसते. पोलिसांचे म्हणणे होते की जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, म्हणून गोळी चालवावी लागली. चित्रपट हा दावा जागेवर जाऊन, उपलब्ध चित्रफिती पाहून, टँकर कुठे होता आणि माणसे कुठे पडली हे तपासून उलगडतो. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला होता. तरी उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सत्र न्यायालयाने दोषी ठरवून जन्मठेप दिली ती २००९ मध्ये. पुढे उच्च न्यायालयातून जामीन झाला. टी. व्ही. च्या बातमीला दोन दिवस मिळतात. न्यायाला बारा वर्षे लागत असतील तर ते दाखवायला कॅमेराही तितकाच थांबावा लागतो. पटवर्धन यांच्या साऱ्या कामात मला हाच गुण सगळ्यात मोठा वाटतो.

दुसरे कारण गाणी. हा चित्रपट १९९ मिनिटांचा आहे आणि त्याचा मोठा भाग गाण्यांनी भरला आहे. वस्तीतले गायक, घरातल्या बाया, जलशांचे मंच, भीमजयंतीच्या मिरवणुका. आपल्या गायनाची इतकी जिवंत नोंद दुसऱ्या कुठल्या एका चित्रपटात मला तरी दिसलेली नाही. मध्ये २९ सप्टेंबर २००६ ची खैरलांजी येते, भोतमांगे कुटुंबाची हत्या आणि त्यानंतरचा उद्रेक येतो. ६ डिसेंबरच्या शिवाजी पार्कवरची लाखोंची शिस्तबद्ध रांग येते आणि त्याच परिसरातले सुखवस्तू लोक तिच्याबद्दल काय बोलतात तेही येते. गोळीबाराच्या वेळी सत्तेवर असलेल्यांशी पुढे आपल्याच नेत्यांनी हातमिळवणी केली, हे चित्रपट आडपडदा न ठेवता दाखवतो. ते पाहताना मान खाली जाते.

शेवटच्या भागात पुण्याचे ‘कबीर कला मंच’ आणि शीतल साठे भेटतात. चित्रपट पूर्ण होईपर्यंत ही मुले नक्षलवादाच्या आरोपाखाली भूमिगत झाली होती. पटवर्धन यांनी इतरांसोबत त्यांच्यासाठी बचाव समिती उभी केली. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर येऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. आम्ही शस्त्रे नव्हे, गाणी घेतली आहेत, ही त्यांची भूमिका होती. शीतल तेव्हा गरोदर होत्या. त्यांना जूनमध्ये जामीन मिळाला, इतरांना फार उशिरा.

काठमांडूच्या फिल्म साउथ एशिया महोत्सवात हा सर्वोत्कृष्ट ठरला. भारतात राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. पण त्याचे खरे प्रदर्शन झाले ते वस्त्यांमध्ये, मोकळ्यावर पडदा लावून, लेकरे मांडीवर घेऊन बसलेल्या लोकांसमोर.

आक्षेप

आंबेडकरी वर्तुळात या चित्रपटावर टीकाही झाली आणि ती टाळून परिचय लिहिणे प्रामाणिक होणार नाही. पहिला आक्षेप असा की आपली चळवळ इथे डाव्या खिडकीतून दिसते. घोगरे आणि कबीर कला मंच हे दोन टोकांचे खांब डाव्या चळवळीशी जोडलेले आहेत, त्यामुळे मधली आंबेडकरी दुनिया त्या चौकटीत बसवली जाते. दुसरा आक्षेप की आपण पडद्यावर येतो ते बहुधा मार खाताना, मरताना किंवा नेत्यांकडून फसवले जाताना. विहार, धम्मवर्ग, वसतिगृहे, कष्टाने शिकलेली पिढी, धर्मांतराने माणसाच्या चालण्या-बोलण्यात आलेला ताठपणा, हे तुलनेने कमी दिसते. तिसरा आक्षेप सरळ आहे. आपली गोष्ट सवर्ण दिग्दर्शकानेच का सांगावी?

माझे मत असे की पहिले दोन आक्षेप बऱ्याच अंशी खरे आहेत. तिसऱ्याचे उत्तर पटवर्धन यांनी नाही, आपण द्यायचे आहे. १९९७ साली रमाबाई नगरात चौदा वर्षे कॅमेरा घेऊन जाण्याची ऐपत आपल्यातल्या किती जणांकडे होती? फिल्म शाळांचे दरवाजे, कॅमेऱ्याचे भाडे, इंग्रजी, महोत्सवांतल्या ओळखी, यातले काहीच आपल्या हातात नव्हते. त्यांनी ते काम केले नसते तर टँकरची गोष्टच इतिहास म्हणून राहिली असती. पण म्हणून पुढची गोष्टही त्यांनीच सांगावी असे नाही.

आणि ती सांगणारे आले आहेत. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे ‘पावसाचा निबंध’ने दिग्दर्शनाचा मिळवला. सोमनाथ वाघमारे यांनी ‘द बॅटल ऑफ भीमा कोरेगाव’ (२०१७) आणि नंतर ‘चैत्यभूमी’ केला. ‘चैत्यभूमी’मागे पा. रंजित यांची नीलम प्रॉडक्शन्स उभी राहिली. ज्योती निशा यांनी ‘डॉ. बी. आर. आंबेडकर : नाऊ अँड देन’ केला आणि ‘बहुजन प्रेक्षक’ पडद्याकडे कसा पाहतो यावर लेखनही केले. सहा डिसेंबरची तीच गर्दी पटवर्धन यांच्या चित्रपटात आणि वाघमारे यांच्या चित्रपटात लागोपाठ पाहा. माणसे तीच, मैदान तेच, पण कॅमेरा उभा राहण्याची जागा वेगळी आहे.

अलीकडचे काम

दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांचे खून, रोहित वेमुलाचा संस्थात्मक बळी, दादरीचा अखलाक आणि उनाचा मोर्चा यांना एका धाग्यात गुंफणारा ‘विवेक’ (२०१८) हा सुमारे चार तासांचा, आठ भागांतला चित्रपट. अॅमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट पूर्ण लांबीच्या माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये केरळच्या महोत्सवात तो दाखवायला केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाने सूट नाकारली आणि तिथेही उच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावरच तो दिसला. त्याआधी २०१५ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थ्यांच्या संपाला पाठिंबा म्हणून पटवर्धन यांनी आपला राष्ट्रीय पुरस्कार परत केला होता.

एक बदल लक्षात ठेवण्यासारखा आहे. सेन्सॉर बोर्डाच्या निर्णयावर दाद मागायचे अपीलीय न्यायाधिकरण एप्रिल २०२१ मध्ये रद्द झाले. आता लहान माहितीपटकारालाही थेट उच्च न्यायालयात जावे लागते. वकील आणि वेळ दोन्ही ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी हा रस्ता आणखी अरुंद झाला आहे.

विहारात, वसतिगृहात किंवा मंडळात ‘जय भीम कॉम्रेड’ दाखवायचा असेल तर एका बैठकीत सव्वातीन तासांचा आग्रह धरू नका. पहिल्या दिवशी रमाबाई नगर आणि घोगरेंचा भाग, दुसऱ्या दिवशी खैरलांजीपासून पुढे, असे केले तर चर्चेला वेळ उरतो. लहान मुले बसणार असतील तर गोळीबारानंतरची दृश्ये येण्यापूर्वी सूचना द्या. आणि वस्तीत १९९७ पाहिलेले कोणी असेल, तर चित्रपट संपल्यावर माइक आधी त्यांच्या हातात द्या. त्यांचे बोलणे मोबाईलवर नीट रेकॉर्ड करून घ्या, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा.